शिकारीचं कातडं सोलायला चाकू कसा निवडावा

माझा पहिला शिकारी चाकू सात इंची होता. जाड पाठ, वर उचललेलं टोक, मुठीपुढे पितळी परज. पहिल्याच हरणाचं पोट उघडताना त्याचं टोक आत कुठवर गेलंय ते हाताला कळलंच नाही आणि जठराला भोक पडलं. हिरवट आंबूस पाणी आतल्या पोकळीत पसरलं, ते थेट कण्याला आतून चिकटलेल्या दोन कोवळ्या पट्ट्यांपर्यंत पोचलं. अख्ख्या जनावरात सगळ्यात मऊ मांस तेवढंच असतं. त्यातलं बरंचसं कापून टाकावं लागलं.

चाकूला धार उत्तम होती. हात नवखा होता हे खरं, पण त्याच हातात साडेतीन इंची पातं असतं तर ते भोक पडलं नसतं, हे मी आज खात्रीने सांगतो. जीव घेतला की त्याचं मांस वाया जाऊ न देणं ही शिकाऱ्याची जबाबदारी असते, आणि जनावर पडल्यापासून मांस थंड होईपर्यंतच्या वेळात ती जबाबदारी बऱ्याच अंशी चाकूवर येते. जिथे परवान्याने आणि हंगामात शिकार होते तिथे पहिल्यांदा चाकू विकत घेणाऱ्यांसाठी हे लिहितोय. ज्यांच्याकडे चाकू आहे पण दरवेळी हात दुखून येतात, त्यांनीही वाचावं.

आधी काम समजून घ्या

‘सोलायचा चाकू’ असं आपण एका दमात म्हणतो, पण प्रत्यक्षात चार वेगवेगळी कामं असतात आणि प्रत्येकाची चाकूकडून मागणी वेगळी असते.

पहिलं काम पोट उघडून आतडी काढायचं. पोटावरचं कातडं आणि त्याखालचा स्नायूचा पातळ थर एवढंच कापायचं असतं, त्याच्या लगेच खाली फुगलेलं जठर असतं. म्हणून डाव्या हाताची दोन बोटं कातड्याखाली घालायची, बोटांनी ते वर उचलायचं आणि दोन बोटांच्या मधून, धार आकाशाकडे ठेवून, पातं पुढे न्यायचं. टोक बोटांच्या पेरांच्या आतच राहिलं पाहिजे. त्यानंतर छातीचा पडदा कडेकडेने सोडवायचा आणि वर हात घालून श्वासनलिका कापायची. तेव्हा हात कोपरापर्यंत आत असतो आणि डोळ्यांना काहीच दिसत नाही. लांब पातं इथे दुसऱ्या हाताची बोटं कापतं. बहुतेक हरणांना पित्ताशय नसतं, पण रानडुकराला असतं आणि ते फुटलं की आजूबाजूचं मांस कडू होतं. मूत्राशयाचं सांगायला नको.

दुसरं काम कातडं सोलायचं. जनावर गरम असताना अर्ध्याहून जास्त कातडं नुसतं मुठीने दाबत आणि ओढत निघतं. चाकू लागतो तो कातडं आणि मांस यांच्यामधला पांढरा पापुद्रा ताणला जातो तिथे, हलक्या हाताने झाडल्यासारखे लांब फटकारे मारायला. त्यासाठी पात्याला बाक हवा.

तिसरं काम सांधे सोडवायचं. इथे नवखी माणसं विनाकारण ताकद लावतात. हरणाला गळ्याजवळची हासळी नसते, त्यामुळे पुढचा फरा धडाला कुठल्याही हाडाने जोडलेला नसतो, नुसत्या स्नायूंनी धरलेला असतो. पाय वर उचलून काखेतून पातं फिरवत गेलं की हाडाला स्पर्शही न होता फरा हातात येतो. मागच्या मांडीला खुब्यात गोळा आणि वाटी असते. वाटीतला जाड बंध टोकाने कापला की गोळा ‘टक्’ करून निसटतो. या कामाला बारीक, हुकमी टोक लागतं.

चौथं काम हाडावरून मांस काढायचं. ते बहुतेक वेळा घरी, टेबलावर, मांस गार झाल्यावर होतं. खाटीक वापरतात तो पाच-सहा इंची, अरुंद आणि किंचित लवचीक पात्याचा बोनिंग चाकू या कामाला सगळ्यात चांगला. तो शिकारी चाकूपेक्षा बहुधा स्वस्तही असतो. कमरेच्या चाकूकडून हे काम होईल अशी अपेक्षा ठेवू नका आणि त्यासाठी मोठं पातंही घेऊ नका.

छातीचं किंवा ओटीपोटाचं हाड फोडायचं असेल तर लहान करवत घ्या. चाकूच्या पाठीवर दगड मारून हाड फोडणारे मी पाहिलेत, आणि त्यांच्या पात्यांच्या धारेला पडलेले खांडेही पाहिलेत.

लांबी आणि जाडी

हरणाएवढ्या जनावराला तीन ते चार इंच, म्हणजे साडेसात ते दहा सेंटिमीटर पातं पुरतं. चाकू मुठीत धरून तर्जनी पात्याच्या पाठीवर सरळ ठेवा. टोक बोटाच्या थोडंसंच पुढे असलं पाहिजे. असं असलं की टोक कुठे आहे हे बोटालाच कळतं, डोळ्यांची गरज लागत नाही. सशाला आणि पक्ष्याला अडीच-तीन इंच बास. एल्क, मूस अशी प्रचंड जनावरं असतील तर चार-साडेचार इंचांपर्यंत जा, पण त्यापुढे नको. मोठ्या जनावराला मोठ्या चाकूपेक्षा धार लावलेला दुसरा चाकू जास्त उपयोगी पडतो.

जाडीकडे लोक बघतच नाहीत. पाच-सहा मिलिमीटर जाड पातं लाकूड फोडायला बरं, पण कातड्याखाली ते पाचरीसारखं अडकतं. पाठीला अडीच ते साडेतीन मिलिमीटर जाडी असावी आणि तिथून धारेपर्यंत पातं सलग निमुळतं होत जावं. स्वीडनमधल्या मोरा गावचा कम्पॅनियन हा अगदी साधा चाकू उदाहरण म्हणून हातात घेऊन पाहा. पातं सुमारे दहा सेंटिमीटर, जाडी अडीच मिलिमीटर. त्याने हरीण सोलताना काही कमी पडत नाही.

पात्याचा आकार

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा, कारण पोलाद आणि मूठ यांतली उणीव सवयीने भरून काढता येते, आकारातली येत नाही.

एकच चाकू घ्यायचा असेल तर ड्रॉप पॉइंट घ्या. यात पात्याची पाठ मुठीपासून टोकाकडे हळूहळू खाली उतरते, त्यामुळे टोक मधल्या रेषेच्या जवळ येतं. पोट उघडताना धार वर करून चाकू ढकलला की उतरती पाठ आतड्यांवरून घसरत जाते, टोक त्यांत घुसत नाही. अमेरिकी चाकू कारागीर बॉब लव्हलेस यांनी विसाव्या शतकात हा आकार शिकारी चाकूंमध्ये रूढ केला आणि आज बाजारातले बहुतेक शिकारी चाकू त्याच वळणाचे असतात. ही लोकप्रियता त्याला कामामुळे मिळाली आहे.

क्लिप पॉइंटमध्ये पाठीचा पुढचा भाग कापल्यासारखा आत वळलेला असतो आणि टोक अणकुचीदार होतं. माझा तो पहिला चाकू याच जातीचा. सांधे सोडवायला, डोळ्या-कानांभोवतीची नाजूक कापणी करायला हे टोक छान. पोट उघडायला मात्र हात बसलेला हवा.

ट्रेलिंग पॉइंट, म्हणजे टोक पाठीच्याही वर उचललेला, मोठ्या बाकाचा चाकू. खास सोलण्यासाठी बनवलेला ‘स्किनर’ बहुधा असाच किंवा रुंद अर्धचंद्रासारखा असतो. धारेचा बाक जितका मोठा, तितकं एका फटकाऱ्यात जास्त कातडं सुटतं, आणि टोक कातड्यापासून दूर राहत असल्याने त्याला भोकं पडत नाहीत. दिवसाला अनेक जनावरं सोलणाऱ्याने हा जरूर घ्यावा. हंगामात एक-दोन जनावरं करणाऱ्याला तो सोलण्यापुरताच उपयोगी पडेल आणि बाकी तीन कामांत आडवा येईल.

गट हुक म्हणजे पाठीवरचा आकडा. पोटाचं कातडं चेन उघडल्यासारखं उघडतो, हे खरं आहे, आणि नवख्याला तो मोठा आधार वाटतो. पण आकड्यात केस आणि चरबी अडकते, म्यानातून काढताना तो कापडात अडकतो, आणि बोथट झाला की नेहमीच्या दगडाने त्याला धार लागत नाही. त्यासाठी गोल कानस किंवा हिऱ्याची बारीक सळई लागते. शिवाय पाठीवर तर्जनी ठेवायची जागाच तो खाऊन टाकतो. आकडा हवाच असेल तर वेगळा, छोटा, नुसता आकड्याचाच चाकू घ्या.

ट्रॉफीसाठी, म्हणजे भिंतीवर लावायला, डोक्याचं कातडं अखंड काढायचं असेल तर दोन-अडीच इंची, अरुंद, जवळपास सरळ धारेचा केपिंग चाकू लागतो. तसा बेत नसेल तर या वाटेला जाऊ नका.

पोलाद

पोलादाच्या नावांवर लोक तासन्‌तास वाद घालतात. निवडीपुरतं एवढं समजलं तरी काम भागतं की जितकं पोलाद कठीण आणि झीज सोसणारं, तितकी धार जास्त टिकते, पण गेल्यावर परत लावायला तितकेच जास्त कष्ट पडतात.

साधं कार्बन पोलाद, उदाहरणार्थ १०९५, त्यात सुमारे ०.९५ टक्के कार्बन असतो. दगडावर दोन मिनिटांत धार येते. मात्र रक्त तसंच राहिलं तर अर्ध्या तासात पात्यावर डाग उठतात. स्टेनलेस म्हणवायला पोलादात निदान साडेदहा टक्के क्रोमियम लागतं. ४२० एचसी आणि १४सी२८एन ही त्यातली सरळ, कामसू पोलादं. गंज कमी, धार चटकन येणारी. डी२ मध्ये क्रोमियम बारा टक्क्यांच्या आसपास असतं, पण त्यातलं बरंचसं कार्बनशी बांधलं जातं, म्हणून ते पूर्ण स्टेनलेस नाही. धार मात्र पुष्कळ टिकते. एस३०व्ही हे पावडर पद्धतीने बनवलेलं पोलाद. एका धारेवर दोन हरणं सहज निघतात, पण धार लावायला हिऱ्याची पट्टी असलेली बरी.

कठीणपणा रॉकवेल सी मोजमापात लिहिलेला असतो. ५६ ते ६१ या टप्प्यातलं काहीही चालेल. ज्याला दगडावर धार लावायचा फारसा सराव नाही त्याने ५६ ते ५८ च्या साध्या स्टेनलेसपासून सुरुवात करावी, असं माझं ठाम मत आहे. महागड्या पोलादाचा बोथट चाकू घेऊन रानात उभं राहण्यापेक्षा ते बरं.

मूठ हातात धरून बघा

दुकानात चाकू नेहमी कोरड्या, स्वच्छ हाताने पाहिला जातो. कामाच्या वेळी तोच हात रक्ताने आणि चरबीने माखलेला असतो. म्हणून शक्य असेल तर पातं म्यानात ठेवूनच ही परीक्षा करा. हातात पातळ नायट्राइल हातमोजा घाला आणि त्यावर तेलाचा किंवा साबणाच्या पाण्याचा थेंब चोळा. आता चाकू चार तऱ्हांनी धरा. नेहमीची मूठ, तर्जनी पाठीवर, धार वर करून, आणि शेवटी लेखणीसारखा, पात्याच्या अगदी जवळ. चारही पकडींत तो फिरला नाही आणि करंगळीपर्यंत सगळी बोटं मुठीवर मावली, तर मूठ तुमची. डोळे मिटूनही हातात वळवून बघा. धार कुठल्या बाजूला आहे हे मुठीच्या आकारावरून समजलं पाहिजे, म्हणून अगदी गोल मूठ नको.

रबर आणि खडबडीत प्लास्टिक ओल्या हाताला सगळ्यात चांगली पकड देतात. मायकार्टा आणि जी१० (राळेत घट्ट दाबलेले कापडाचे किंवा काचतंतूंचे थर) टिकाऊ, फक्त गुळगुळीत पॉलिश केलेले घेऊ नका. लाकूड आणि शिंग हाताला ऊबदार लागतात, मलाही आवडतात, पण सांध्यांच्या फटींत रक्त शिरतं आणि ते घासून काढावं लागतं. रंग भडक नारिंगी असला तर उत्तम. संध्याकाळच्या उजेडात पाचोळ्यावर ठेवलेला तपकिरी मुठीचा चाकू दोन पावलांवरूनही दिसत नाही.

परज लहान असावी. बोट धारेवर घसरू नये इतपतच. माझ्या पितळी परजेमुळे बोट पुढे पात्यावर घेताच येत नव्हतं.

अखंड, घडीचा की बदलत्या पात्याचा

पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत गेलेला अखंड चाकू ही माझी पहिली पसंती, आणि त्याचं मोठं कारण स्वच्छता. घडीच्या चाकूच्या खिळ्यात आणि खाचेत चरबी, रक्त, केस जातात आणि तिथे कुजतात. बक ११० सारखे घडीचे चाकू १९६० च्या दशकापासून शिकारी वापरत आले आहेत आणि खिशात मावतात, हे मान्यच. तसा घेतलात तर पातं उघडल्यावर पक्कं अडकणारं कुलूप हवं आणि घरी येऊन खाच ब्रशने धुवायची तयारी हवी.

बदलत्या पात्याचे चाकू, हॅवलॉनचा पिरांटा त्यातला ठाऊक असलेला, शस्त्रक्रियेच्या सुरीसारखी पातळ पाती वापरतात. सोलायला त्यांच्याइतकं धारदार काही नाही. पण सांध्यात घालून पिळलं की पातं मोडतं आणि तुकडा मांसात राहतो, तो रक्ताळलेल्या बोटांनी शोधावा लागतो. पातं हाताने बदलू नका, पक्कड वापरा. असा चाकू सोलण्यापुरता ठेवा आणि सांध्यांना अखंड चाकू लावा. ही जोडी वजनालाही हलकी पडते.

धार

दोन्ही बाजूंना १७ ते २० अंशांचा कोन ठेवा. कोन डोळ्यांनी मोजता येत नाही, उंची मोजता येते. पातं २५ मिलिमीटर रुंद असेल तर २० अंशांसाठी पाठ दगडापासून सुमारे साडेआठ मिलिमीटर वर हवी. चार-पाच नाणी एकावर एक ठेवून एकदा ती उंची बघून घ्या, मनगटाला आठवण राहते. एका बाजूने घासत राहा, दुसऱ्या बाजूला धारेच्या पूर्ण लांबीवर बारीक धातूची खरखर बोटाला लागेपर्यंत. मग बाजू बदला. शेवटी दाब कमी करत दोन्हीकडून आळीपाळीने घासून ती खरखर काढून टाका.

कातड्यासाठी १००० ग्रिटच्या दगडावर थांबलात तरी चालतं (ग्रिटचा आकडा जितका मोठा, तितका दगड बारीक). आरशासारखी चकचकीत धार चरबीवर आणि ओल्या पापुद्र्यावर घसरते, किंचित दातेरी धार चावा घेते. हाडावरून मांस काढायच्या चाकूला मात्र ३००० पर्यंत न्या.

धार खरी जाते ती केसांत. केसांच्या मुळाशी माती आणि वाळूचे कण साचलेले असतात, आणि बाहेरून आत कापलं की पातं त्या वाळूवर घासतं. म्हणून पहिली बारीक चीर पाडल्यावर पातं कातड्याखाली घालायचं आणि प्रत्येक काप आतून बाहेर, धार बाहेरच्या बाजूला ठेवून घ्यायचा. केस कापले न जाता बाजूला होतात, मांसावर पडत नाहीत. रानडुकराच्या चिखलाने माखलेल्या राठ केसांत तर ही सवय नसेल तर दर दहा मिनिटांनी थांबावं लागतं. खिशात सिरॅमिकची छोटी सळई ठेवा. पातं चिकटायला लागलं की पाच-सहा हलके हात मारा आणि पुढे चला. जोर लावायला लागणं ही धार गेल्याची पहिली खूण आहे, आणि बोटं कापली जातात ती तेव्हाच.

मोकळ्या हातात, म्हणजे कातडं धरणाऱ्या हातात, काप न बसणारा विणलेला मोजा आणि त्यावर नायट्राइलचा मोजा घाला. सशांमध्ये तुलारेमिया आणि रानडुकरांमध्ये ब्रुसेलोसिस असू शकतो, हे दोन्ही जिवाणूंचे रोग बारीक जखमेतून माणसाला होतात. हरणांमध्ये क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा मेंदूचा जीवघेणा रोग असलेल्या भागात शिकार करत असाल तर मेंदू आणि कणा कापूच नका. डोकं वेगळं करावंच लागलं तर त्यासाठी एक स्वस्त चाकू बाजूला ठेवा आणि तो मांसाला लावू नका. या रोगाला कारण असलेले प्रिऑन, म्हणजे बिघडलेली प्रथिनं, उकळत्या पाण्यानेही नष्ट होत नाहीत.

घरी आल्यावर

आधी गार पाणी. गरम पाण्याने रक्तातली प्रथिनं गोठून पात्याला चिकटतात. गार पाण्याने रक्त गेलं की कोमट पाणी, साबण आणि ब्रश, मग ७० टक्के अल्कोहोलने पुसून कोरडं करा. डिशवॉशरमध्ये घालू नका, मूठ सुटते आणि धार इतर भांड्यांवर आपटते. कार्बन पोलाद असेल तर खाण्यायोग्य मिनरल ऑइलचा एक थेंब बोटाने पसरा. चामड्याचं म्यान रानात नेण्यापुरतं वापरा, पुढच्या हंगामापर्यंत चाकू त्यात ठेवू नका. चामडं ओल धरतं आणि कमावताना वापरलेली द्रव्यं पात्याला डाग पाडतात. माझा आजचा साडेतीन इंची चाकू वर्षातले दहा महिने तेलाच्या फडक्यात गुंडाळून खणात असतो, आणि म्यान त्याच्या शेजारी, उघडं, हवा लागेल असं.